‘नाना’चा नन्नाचा पाढा

दिवाळी अंकात जवानांच्या शौर्याच्या कथा असाव्यात, त्यांच्या पेन्शनीच्या कज्ज्यांचे गुऱ्हाळ कशाला, असे एखादे वाचक चकलीचा तुकडा मोडता मोडता म्हणतील. मला ते मान्य नाही. दर दिवाळीला आपण जवानांच्या नावाने एक पणती लावतो. दोन चमचे तेल आणि एक वात, एवढ्यात आपली देशभक्ती उजळून निघते. त्याच जवानाच्या मोडक्या गुडघ्याचा हिशेब करायची पाळी आली, की आपल्याच नावाने चालणारे सरकार त्याच्याशी कसे वागते, हे फराळाचे ताट पुढे असतानाच ऐकलेले बरे. ते तोफखान्याच्या भाषेत नव्हे, खर्डेघाशीच्या भाषेत बोलते.

सैन्यातून माणूस निवृत्त होतो किंवा आजारामुळे मुदतीआधी घरी पाठवला जातो, तेव्हा लष्करी डॉक्टरांचे एक मंडळ त्याला तपासते. मंडळापुढे मुख्य प्रश्न दोन. हा विकार नोकरीमुळे जडला काय? आणि आधीचा असल्यास नोकरीमुळे बळावला काय? यांपैकी एकाचे उत्तर ‘होय’ आले आणि अपंगत्व शेकडा २० किंवा त्याहून अधिक भरले, तर नेहमीच्या पेन्शनीवर अपंगत्वाची रक्कम मिळते. दोन्ही उत्तरे ‘नाही’ आली, तर कागदावर इंग्रजीत शेरा पडतो : ‘नायदर अ‍ॅट्रिब्यूटेबल नॉर अ‍ॅग्रव्हेटेड’. त्याची आद्याक्षरे जुळवली की होते ‘नाना’. शिपायांत आणि वकिलांत हा शेरा याच नावाने ओळखला जातो.

आमच्या कोकणात नाना म्हणजे घरातले वडीलधारे माणूस. ओटीवर बसून सुपारी कातरणारे, पोराने अंगणात पडून गुडघा फोडून घेतला तर आधी हळद लावणारे आणि मग रागावणारे. हा सरकारी नाना निराळा. याला नन्नाचा पाढा तेवढा पाठ. गुडघा? ना. पाठ? ना. मूत्रपिंड? ना. आणि पाढा म्हणताना हा कारण कधी सांगत नाही.

मी मास्तर आहे. गणिताच्या पेपरात एखाद्या मुलाने रीत न मांडता नुसते ‘उत्तर : शून्य’ असे लिहिले, तर मी त्याला गुण देत नाही. उत्तर बरोबर असले तरी देत नाही. कारण त्याने ते शेजाऱ्याचे पाहून लिहिले की डोके चालवून, हे मला कळायला मार्ग नसतो. ज्या मंडळावर शिकलेसवरलेले डॉक्टर बसतात, त्याने एका माणसाच्या उरलेल्या आयुष्याचे गणित रीत न दाखवता सोडवावे आणि सरकारने त्याला पैकीच्या पैकी गुण द्यावेत, ही कोणत्या शाळेची पद्धत?

आमच्या मुरुडातल्या एका निवृत्त हवालदारांची हकीगत सांगतो. नाव सांगत नाही. त्यांना ते आवडणार नाही. पहाऱ्याच्या बर्फाळ वाटेवर पाय घसरून त्यांचा उजवा गुडघा मोडला. निवृत्तीच्या वेळी मंडळाने तो नोकरीमुळेच मोडल्याचे मान्य केले आणि शेकडा ३० अपंगत्व लिहिले. तिथवर तक्रार नाही. २००७ साली ते गावी आले. माड-पोफळीची वाडी, पाटाचे पाणी, चार म्हशी. उजवा पाय धड नाही म्हणून सगळा भार डाव्यावर. मुरुडातला कोणीही शाळकरी पोर सांगेल, की कावडीचा एक घडा गळका असला तर दुसरा खांदा सोलवटतो. चौथ्या वर्षी डावा खुबा दुखू लागला, मग कंबर. वेदना मारायच्या गोळ्या ते वर्षानुवर्षे चण्यासारख्या खात राहिले, आणि शेवटी दापोलीच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितले की मूत्रपिंडे थकली आहेत, गोळ्या बंद.

एका गुडघ्याची ही चार अपत्ये. पहिल्याचा बाप सरकारला मान्य आहे. नातवंडांना मात्र ते ओळख देत नाही.

हवालदारांनी २०२३ साली अर्ज केला. आधी का केला नाही? कारण दुखणे म्हणजे तक्रार, आणि तक्रार म्हणजे कमीपणा, ही शिकवण पलटणीत वीस-बावीस वर्षे अंगात मुरवलेली असते. उत्तर आले ते दीड ओळीचे. ते घेऊन हवालदार माझ्याकडे आले. “मास्तर, यात काय लिवलंय ता जरा सांगा. नातू सांगतो ता काय मला पटत नाय.” माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते, पण दीड ओळीला तेवढे पुरे. नवे विकार नोकरीशी संबंधित नाहीत आणि ‘कॉन्स्टिट्यूशनल’ आहेत, असे लिहिले होते. म्हणजे शरीराच्या मूळ घडणीतले, अंगचेच. नातवाने शब्दकोश पाहून आजोबांना सांगितले होते की तुमचे दुखणे घटनात्मक आहे! हवालदार म्हणाले, “घटनेच्या रक्षणासाठीच तर गेलो हुतो.”

हसण्यासारखे आहे खरे. पण ज्या माणसाला भरतीच्या वेळी याच सरकारच्या डॉक्टरने नखशिखांत तपासून, दात मोजून, छाती फुगवायला लावून ‘निरोगी’ म्हणून आत घेतले, त्याचा खुबा आता घडणीतच सदोष होता असे म्हणायचे असेल, तर आधीच्या डॉक्टरची तपासणी खोटी ठरते. दोन्ही शेरे एकदम खरे असू शकत नाहीत.

आणि हे मी म्हणत नाही, सरकारचेच नियम म्हणतात. १९८२ च्या हक्कनियमांत पाचवा नियम असा, की भरतीच्या वेळी नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असे गृहीत धरायचे. पुढे आजारामुळे तो नोकरीतून कमी झाला, तर तब्येतीचा ऱ्हास नोकरीमुळे झाला असे धरायचे. नववा नियम त्याहून स्पष्ट. आपला हक्क सिद्ध करण्याचे ओझे अर्जदारावर नाही आणि वाजवी शंकेचा फायदा त्याला द्यायचा. चौदावा नियम सांगतो, की हा रोग भरतीच्या वेळी ओळखता येणे शक्यच नव्हते असे डॉक्टरांना म्हणायचे असेल, तर त्याची कारणे लिहिली पाहिजेत. पुढे २००८ साली आलेल्या नियमांतही, रोग निवृत्तीनंतर दिसू लागला तरी त्याचे मूळ नोकरीतल्या परिस्थितीत रुजलेले होते असे वैद्यकीयदृष्ट्या ठरल्यास तो मान्य करण्याची वाट ठेवली आहे. याहून उदार भाषा आणखी कोणती हवी? नियम लिहिणाऱ्याला नमस्कार असो. नियम राबवणाऱ्याने ते वाचलेले नसावेत, एवढीच शंका येते.

मात्र त्याच २००८ च्या नियमांत एक खुंटी मारून ठेवली आहे. नोकरी सुटल्यावर १५ वर्षांनी किंवा नंतर दावा केला आणि तोवर नोकरीचे कागद नष्ट झाले असले, तर सिद्ध करण्याचे ओझे अर्जदाराच्या डोक्यावर. कागद सांभाळणार सरकार, नष्ट करणार सरकार, आणि त्यांच्या अभावी पुरावा द्यायचा तो वाडीला पाणी लावणाऱ्या माणसाने! त्यातून पहा, दुखण्यातून निघणारे दुखणे हे जातीनेच उशिरा येणारे. मोडलेला गुडघा त्याच दिवशी दिसतो. त्याने झिजवलेला खुबा दिसायला दहा वर्षे लागतात, गोळ्यांनी पोखरलेले मूत्रपिंड दिसायला पंधरा. म्हणजे ज्याला वेळ लागणारच, त्यालाच वेळेचा दंड.

अमेरिकेचे कौतुक करायची मला हौस नाही. पण तिथल्या माजी सैनिकांच्या नियमावलीत हा प्रश्न एका वाक्यात मिटवला आहे : नोकरीमुळे जडलेल्या विकाराचा परिणाम म्हणून जो दुसरा विकार होतो, तोही नोकरीमुळेच जडला असे मानायचे. तिथेही कज्जे होतात, वकील पोट भरतात, म्हातारे शिपाई खेटे घालतात. नाही असे नाही. पण भांडण होते ते पहिल्यापासून दुसरे निघाले काय यावर. दुसरे मुळात मोजायचे काय, यावर होत नाही. आपल्याकडे असे एक सरळ वाक्य लिहायला शाई कमी पडू नये.

पैशांचे म्हणाल, तर हिशेब मांडून दाखवतो; घरातल्या बायांनी तो जरूर तपासावा. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराचे शेकडा ३०, आणि अपंगत्व कमी तर त्या प्रमाणात कमी, असा ठोकताळा. १ जानेवारी १९९६ पासूनच्या तरतुदीप्रमाणे ५० च्या आतले अपंगत्व ५० धरतात, ५० ते ७५ असले तर ७५, आणि त्यापुढे पूर्ण १००. ही सवलत नोकरीची मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही द्यायची, असे सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार खटल्यात ठरवले. आता शेवटचा पगार ३०,००० रुपये धरा. पन्नासला होतात दरमहा ४,५००, पंचाहत्तरला ६,७५०. गुडघ्याबरोबर खुबा आणि कंबर धरून एकत्र अपंगत्व पन्नासावर गेले, तर फरक पडतो २,२५० रुपयांचा, आणि वर त्यावरचा महागाईभत्ता. एवढ्यासाठी दिल्लीपर्यंत वकील उभे करायचे! त्या वकिलाची एका तारखेची फी किती असते, हे मी विचारायला गेलो नाही; अंदाज तुम्हीच करा.

उभे करतात हे मात्र खरे. शिपाई धरमवीर सिंग १९८५ साली सिग्नल दलात भरती झाला, आकडीच्या विकारामुळे १९९४ साली घरी आला. मंडळाने शेकडा २० अपंगत्व दिले आणि खाली लिहिले, नोकरीशी संबंध नाही. कारण नाही, टिपण नाही. एका न्यायाधीशाने त्याला पेन्शन दिली, खंडपीठाने ती काढून घेतली, आणि शेवटी २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विनाकारण दिलेला ‘नाही’ चालणार नाही. एकोणीस वर्षे गेली. सियाचीनला नोकरी केलेल्या बिजेंदर सिंगला १९८९ साली घरी पाठवले. त्याचा निकाल लागला २०२५ साली. छत्तीस वर्षे! ज्या मुलाला मी बालवाडीत मुळाक्षरे गिरवायला लावावीत, त्याची मुले शाळा सोडून जावीत, एवढा काळ. त्याच वर्षी जुलैत दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारच्या अशा सुमारे ३०० याचिका एकत्र फेटाळल्या आणि अपंगत्व पेन्शन ही मेहेरबानी नव्हे असे बजावले. दरबारातून एकदा उत्तर आले की शहाणा माणूस पुन्हा तोच प्रश्न विचारत नाही. आपले सरकार तीनशेदा विचारते.

या बाबतीत सत्तेतल्याच एका माणसाने शहाणपण दाखवले होते, ते सांगितले पाहिजे. आपल्या शेजारच्या गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी २०१५ साली तज्ज्ञांची समिती नेमली. खटले कमी कसे होतील ते सांगा, एवढेच तिला काम. समितीने त्याच वर्षी जाडजूड अहवाल दिला, आणि अपंग सैनिकांच्या पेन्शनीविरुद्ध उठसूट अपिले करण्याची खोड मोडा असे त्यात स्पष्ट सुचवले. पर्रीकर गेले २०१९ साली. खोड अजून आहे.

आता दुसरी बाजू. ती ऐकल्याखेरीज पुढे जाणे मला बरे वाटत नाही. सरकारी माणसे म्हणतात, काहीजण निवृत्तीच्या तोंडावर रक्तदाब आणि मधुमेह दाखवून अपंगत्वाची रक्कम पदरात पाडून घेतात. त्यात मोठ्या हुद्द्यावरचे कमी नसतात. सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आले, त्यामागे हे एक कारण सांगितले जाते. असे लोक नसतीलच असे मी छातीला हात लावून म्हणणार नाही. लबाड माणूस पलटणीत असतो, शाळाखात्यात असतो, देवळाच्या पंचांतही सापडतो. त्याला अवश्य पकडा. पण तो पकडायचा कसा? प्रत्येक प्रकरण नीट तपासून, कारणे लिहून! कारणे न लिहिल्याने लबाड सुटतो, कारण त्याला वकील परवडतो. अडकतो तो हवालदार. आणि मधुमेहाला ‘राहणीमानाचा रोग’ म्हणणाऱ्यांनी शिपायाची राहणी कोण ठरवते तेही सांगावे. त्याने कोठे राहावे, केव्हा झोपावे, काय खावे, घरी कधी जावे, हे वीस वर्षे ज्याने ठरवले, तो आता त्याच्या राहणीकडे बोट दाखवतो!

जखम रक्ताळलेली असली की आपल्याला चटकन दिसते. मुरलीकांत पेटकरांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, पाय गेले. १९७२ साली हायडेलबर्गला त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. त्यांच्यावर सिनेमा निघाला, आम्ही तो मुलांना दाखवला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या योग्यच होत्या. पण पदक न मिळवता नुसतेच लंगडत म्हातारे होणारे शेकड्यांनी आहेत, आणि त्यांच्या दुखण्याला पडदा नाही. त्या दुखण्याचा खरा हिशेब त्यांच्या बायकांना विचारा. नवऱ्याला खाटेवरून उठवता उठवता ज्यांच्या स्वतःच्या कमरेचा खुळखुळा झाला, त्यांचे अपंगत्व तर कुठल्याच कोष्टकात बसत नाही.

आमच्या दापोली तालुक्याला हे अर्जाचे प्रकरण नवे नाही. दापोलीला जुनी माणसे अजून ‘कॅम्प’ म्हणतात. इंग्रजी फौजेतून पेन्शन घेतलेली माणसे तिथे येऊन राहत. त्यांतले एक गोपाळबाबा वलंगकर. महार जातीच्या लोकांची सैन्यभरती इंग्रजांनी बंद केली, तेव्हा या निवृत्त माणसाने १८९४ साली दापोलीत बसून सरकारला विनंतीपत्र लिहिले. आमच्या पिढ्यांनी तुमच्यासाठी रक्त सांडले, आणि आता आम्ही नालायक कसे, कारण सांगा, असा त्याचा रोख. सव्वाशे वर्षांहून अधिक झाली. साहेब गेला. कारण मागणारे अर्ज दापोलीच्या टपालातून अजून जातातच.

आणि मुरुडच्या माणसाला तर नुसते तोंड पाहून ‘नाही’ म्हणणारे मंडळ चांगले परिचयाचे आहे. आमचे अण्णा कर्वे, पुढे जग ज्यांना महर्षी म्हणू लागले, ते मुलगेपणी परीक्षेसाठी इथून साताऱ्याला पायी गेले. पावसाळी दिवस, कुंभार्लीचा घाट. तिथे परीक्षकांनी एकवार पाहिले आणि हा मुलगा वयाने लहान दिसतो म्हणून परत पाठवले. कर्व्यांपाशी पुढचे आयुष्य होते. आमच्या हवालदारांपाशी ते किती आहे, हे मूत्रपिंडांना ठाऊक.

म्हणून ज्यांच्या घरात, भावकीत, आळीत कोणी माजी सैनिक आहे, त्यांनी या सुटीत एक काम करावे. त्यांची ट्रंक उघडायला लावा. निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय मंडळाचे कागद, इस्पितळाचे जुने केसपेपर, डिस्चार्ज बुक, सगळे एका पिशवीत घाला आणि त्यांच्या नकला काढा. मंडळाचे कागद नसतील तर माहितीच्या अधिकाराखाली मागवा. ते त्यांच्याच शरीराचे कागद आहेत. नवे दुखणे निघाले असेल, तर डॉक्टरांकडून नुसते रोगाचे नाव लिहून घेऊ नका. जुन्या दुखण्यातून हे नवे कसे निघाले, ते दोन ओळींत लिहून घ्या. त्या दोन ओळींना सोन्याचे मोल आहे. नकार आला तर सहा महिन्यांत पहिले अपील, तेही फेटाळले तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरे, आणि मग सशस्त्र सेना न्यायाधिकरण. त्याचे एक पीठ मुंबईत आहे. उशीर झाला म्हणून दार कायमचे बंद होते असे नाही, पण २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून मागची थकबाकी साधारणपणे तीन वर्षांचीच मिळते. प्रत्येक सरलेला महिना सरकारच्या तिजोरीत जमा होतो.

आमच्या हवालदारांचे पहिले अपील फेटाळले गेले. त्या उत्तरातही कारण नव्हते. फक्त या खेपेस दीड ओळीच्या अडीच ओळी झाल्या होत्या. दुसरे अपील आम्ही दोघांनी माझ्या ओटीवर बसून लिहिले, आणि गणेशोत्सवाच्या आधी रजिस्टर पोस्टाने गेले. त्यात खुब्यासाठी, कमरेसाठी आणि मूत्रपिंडासाठी वेगवेगळे परिच्छेद केले आहेत. प्रत्येकाखाली डॉक्टरांच्या दोन ओळी आहेत.

माझी मागणी फार मोठी नाही, आणि तिला पैसाही लागत नाही. मंडळाच्या छापील फॉर्मवर ‘नाही’च्या रकान्याखाली दहा रिकाम्या ओळी छापाव्यात. त्या डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने भराव्यात. हा विकार नोकरीमुळे का नाही, आधी मान्य केलेल्या विकारातून तो का निघाला नाही, आणि नियमातला शंकेचा फायदा या माणसाला का दिला नाही, एवढे तीन प्रश्न. ओळी कोऱ्या राहिल्या तर तो कागद शिपायाच्या घरी न पाठवता आल्या टपालाने मंडळाकडेच परत जावा, आणि त्या ओळी भरून येईपर्यंत त्याची पेन्शन चालू राहावी.